चक्करच्या पेशंटला आधी आडवं करा, डोळे बघा

अमळनेरकडच्या आमच्या खेड्यात चक्करचा पेशंट येतो तो बहुतेक वेळा मानेचा एक्स-रे घेऊनच. काहींच्या गळ्यात पट्टाही असतो. पन्नाशीपुढच्या कुणाच्याही मानेचा फोटो काढा, काही ना काही दिसणारच; मग सगळं खापर मणक्यावर. मीही बरीच वर्षं हेच केलं. एक म्हातारी भिंतीला टेकून बसल्या-बसल्या झोपायची, कारण आडवं झालं की घर फिरायचं. तिला दोन महिने मी नुसत्या गोळ्या देत राहिलो. एकदाही टेबलावर झोपवून बघितलं नाही.

नव्यानं दवाखाना टाकलेल्यांनी आधी नीट विचारावं. "माले घर फिरतं दिखस" आणि "डोयापुढे अंधारी येस" हे दोन वेगळे आजार आहेत. मे महिन्यात धसकटं वेचून आलेल्या बाईला उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, तर झोपवून बीपी घ्या, उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्या. वरचा आकडा २० नं उतरला तर कानाचा दोष शोधणं सोडा, पाणी-मीठ आणि चालू गोळ्या बघा.

पण कूस बदलली, किंवा माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली, की घर फिरतं आणि मिनिटभरात थांबतं, असं सांगितलं तर डिक्स-हॉलपाइक करायचीच. १९५२ पासूनची ही तपासणी, खर्च शून्य. आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरलेले असतात. डोकं हललं की ते सरकतात.

मानेचं ऑपरेशन किंवा जबर दुखणं नाही ना, हे विचारून घ्या. चक्कर येणार हे आधीच सांगा, जवळ बादली ठेवा, आणि "डोळे मिटायचे नाहीत" हे दोनदा बजावा. पेशंट टेबलावर असा बसवा की आडवं झाल्यावर डोकं कडेबाहेर येईल. मान उजवीकडे ४५ अंश वळवा, डोकं दोन्ही हातांत धरून झपकन मागे झोपवा, डोकं साधारण २० अंश खाली लोंबू द्या. घरी बोलावलं असेल तर बाजेवर हा उद्योग नको. झोळ पडतो, डोकं खाली जातच नाही. त्यापेक्षा जमिनीवर गोधडी घडी करून खांद्याखाली घाला.

आता नुसतं थांबा. इथेच घाई होते. दोन-चार सेकंद काहीच होत नाही, मग डोळे वरच्या दिशेनं आणि खालच्या कानाकडे गोल झटके मारू लागतात. मिनिटाच्या आत शांत होतात. हे दिसलं तर दोष खालच्या कानाचा. काही दिसलं नाही तर उठवून, दम खाऊ देऊन डावीकडून करा. सापडलं की तिथेच एप्लीची कृती, म्हणजे डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते कण नळीबाहेर काढणं, करता येते. पण ती शिकलेल्या माणसाच्या हाताखाली दोन-तीनदा करून मगच. म्हातारीचा दोष उजव्या कानात निघाला. एप्लीनंतर ती आडवी झोपू लागली.

कुठल्या बाजूच्या कानात दोष आहे हे बघायला डोळे मिटवून जागच्या जागी ५० पावलं टाकायला लावणारी चाचणीही आहे. माझा तिच्यावर फारसा भरवसा नाही.

चक्कर तासन्‌तास थांबतच नसेल आणि डोळे झटके मारत असतील, तर तपासणी वेगळी. पेशंटला तुमच्या नाकाकडे बघायला सांगा, डोकं अचानक १०-१५ अंश वळवा. नजर डोक्याबरोबर वाहवत जाऊन उडी मारून नाकावर परतली, तर त्या बाजूच्या कानाची नस दुखावलेली असण्याची शक्यता जास्त. नजर दोन्ही बाजूंना नाकावरच चिकटून राहिली, तर खूश होऊ नका! उलट तीच धोक्याची खूण, मेंदूतला झटका (पक्षाघात) असू शकतो. उजवीकडे बघताना झटके उजवीकडे आणि डावीकडे बघताना डावीकडे, एक डोळा झाकून उघडला की तो वर-खाली सरकतो, बोबडी वळते, दोन-दोन दिसतं, आधाराशिवाय बसवत नाही: यातलं एक जरी असलं तरी लगेच धुळ्याला किंवा जळगावला पाठवा. पण या तपासणीला सरावलेला हात लागतो, म्हणून शंका आली तरी पाठवाच.

आणि चिठ्ठीवर नुसतं 'चक्कर' लिहू नका. कधीपासून, थांबते की सतत, झटके कुठल्या दिशेला, आणि उलटी-चक्करचं इंजेक्शन दिलं असेल तर किती वाजता, तेही लिहा. त्यानं डोळ्यांचे झटके दबतात, पुढच्या डॉक्टरला ते दिसत नाहीत.