पहिल्या शिकारी रायफलचं कॅलिबर निवडताना या चुका टाळा

रायफल नवी, दुर्बीण चांगली, आणि तरी गोळ्या खाली नाहीतर बाजूला. अशा वेळी बहुतेक जण दुर्बिणीचे स्क्रू फिरवत बसतात. त्याआधी रेंजवर एक करून बघा. सोबत्याला मॅगझिन भरायला द्या. खऱ्या काडतुसांत एखादं डमी, म्हणजे बिनदारूचं खोटं काडतूस, त्यानं न सांगता मिसळायचं. डमीवर चाप ओढला की बार होत नाही, पण नळीचं टोक टुणकन खाली झुकतं आणि डोळे मिटलेले असतात. ही धक्क्याची धास्ती. बहुतेकदा ती कॅलिबर, म्हणजे नळीचं माप आणि त्याचं काडतूस, निवडतानाच पदरात पडलेली असते.

‘मोठंच घेऊ, पुढे कामाला येईल’

सगळ्यात महागात पडणारी चूक. साडेतीन किलोच्या आसपासच्या रायफलीत .२४३ विंचेस्टर या काडतुसाचा धक्का साधारण ९-१० फूट-पौंड (धक्क्याची ऊर्जा मोजायचं एकक) बसतो. ६.५ क्रीडमूरचा १२ च्या जवळपास, .३०८ चा १७-१८, .३०-०६ चा २०, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा २५ च्या पुढे. नवख्याला १५ च्या आत ठेवावं, असं माझं मत. .२४३ म्हणजे .३०८ चंच केस (काडतुसाचं पितळी कवच), तोंडाशी आवळून त्यात लहान गोळी बसवलेली; १९५५ पासून बाजारात आहे. मध्यम आकाराच्या हरणाला पुरते. त्याहून मोठं जनावर डोळ्यांपुढे असेल तर ६.५ क्रीडमूर किंवा ७ मिमी-०८ घ्या.

धक्का टाळताना फारच खाली उतरणं

.२२३ चा धक्का जेमतेम ३-४ फूट-पौंड. सरावाला झकास, पण हरणावर चुकीला जागाच उरत नाही. जखमी जनावर झाडीत निघून जातं. कायदाही बघा. जर्मनीत रो हरीण (युरोपातलं एक लहान हरीण) सोडून बाकी खुरांच्या जनावरांसाठी किमान ६.५ मिमी कॅलिबर आणि १०० मीटरवर २००० ज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे तिथे .२४३ सुद्धा बाद.

कॅलिबर सौम्य, रायफल पिसासारखी

‘लहान चणीचा आहे, हलकी दे’ हे ऐकायला बरं वाटतं. पण तेच काडतूस ३.६ ऐवजी २.७ किलोच्या रायफलीतून उडवलं की धक्क्याची ऊर्जा तब्बल एक तृतीयांशाने वाढते. दस्ता लांब असेल तर आणखी पंचाईत: बट (दस्त्याचं मागचं टोक) खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर सरकतो आणि मान पुढे ताणावी लागते. डोळा दुर्बिणीच्या फार जवळ गेला, तर तिची कड भुवईवर आदळते. एकदा रक्त आलं की पुढचे कित्येक बार माणूस अंग चोरतो.

मझल ब्रेकवर सगळा भरवसा

नळीच्या तोंडाशी बसवून वायू बाजूला सोडणाऱ्या या ब्रेकने धक्का खरंच कमी होतो, पण आवाज नेमबाजाच्या आणि शेजारच्याच्या कानावर जास्त आदळतो. १४० डेसिबलच्या वर कानाला इजा होऊ शकते आणि रायफलचा बार त्याच्या बराच पुढचा. पुष्कळ जण आवाजालाच दचकतात, नाव मात्र धक्क्याचं होतं. कानात प्लग आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही घाला.

दचक आधीच बसली असेल तर

मोठी रायफल महिनाभर बाजूला ठेवा. जवळजवळ धक्काच नसलेल्या छोट्या .२२ वर परत या, अधूनमधून डमीची चाचणी घ्या. डमी असलं तरी रायफल भरलेलीच समजायची. नळी हलायची थांबली की मगच मोठं काडतूस, तेही एका बैठकीत पंधरा-वीसच.