लोकरीच्या लडीचा गुंडा हाताने कसा करावा

लोकर लडीच्या रूपात आणली असेल, तर विणायला घेण्यापूर्वी तिचा गुंडा करावाच लागतो. लडीतून थेट विणू गेल्यास थोड्याच ओळींत असा गुंता होतो की तो सोडवण्यात अख्खी दुपार जाते. कोकणात थंडी बेताचीच, तरी बाळंतविड्यासाठी टोपडी-मोजे आणि घाटावरच्या नातवंडांसाठी स्वेटर इथे हौसेने विणले जातात. मात्र इथल्या दमट हवेत गुंडा करताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात: लडी पूर्ण कोरडी असावी आणि गुंडा सैल असावा.

अस्सल लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. ज्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे श्रावणात नुसत्या स्पर्शावर विसंबणे योग्य नाही. लडी उघडून पंख्याखाली काही तास पसरून ठेवावी, कारण एकदा गुंडा झाला की आतल्या थरांना वारा लागत नाही आणि कुबट वास धरतो. लडी लोखंडी खिळ्याला कधीही टांगू नये. खाऱ्या हवेत खिळा गंजतो आणि तांबेऱ्याचा डाग फिकट लोकरीवरून निघता निघत नाही.

आता लडीचा पीळ सोडून तिचे मोठे कडे करावे आणि ते पाठीला पाठ लावून ठेवलेल्या दोन खुर्च्यांवर, धागा ना ताणलेला ना लोंबता, असे चढवावे. घरात कोणी मोकळे असेल, तर त्याने दोन्ही हातांवर लडी धरलेली सर्वांत उत्तम, कारण धागा सुटेल तसे हात डावी-उजवीकडे झुकवता येतात. लडीला ठिकठिकाणी बांधलेले आडवे दोरे लडी चढवल्यानंतरच कापावेत, आणि कापण्यापूर्वी लडीची दोन टोके यांपैकी कोणत्या दोऱ्याला बांधली आहेत हे पाहून ठेवावे. जे टोक बाहेरच्या बाजूने सहज सुटते, तेच घ्यावे. धागा अडकला तर ओढू नये; लडी दोन्ही हातांनी हलकेच झटकून फाकवली की बहुतेक अडथळे आपोआप सुटतात.

टोक हाती आल्यावर डाव्या हाताच्या तीन बोटांभोवती धाग्याचे वीसेक वेढे घ्यावेत, ते अलगद काढून मधोमध दुमडावेत आणि या गाभ्यावर पुढचे वेढे घालावेत. इथेच खरे कौशल्य आहे: प्रत्येक वेढा गुंड्यावर थेट न आवळता गुंडा धरलेल्या बोटांवरून घ्यावा आणि दहा-बारा वेढ्यांनंतर बोटे बाहेर काढावीत. बोटांच्या जाडीएवढी ढील त्या वेढ्यांना मिळते. मग गुंडा थोडा फिरवून दिशा बदलावी, म्हणजे तो चहूबाजूंनी गोल होतो. अंगठ्याने दाबल्यावर तो सहज दबला पाहिजे. आवळून गुंडाळलेली लोकर ताणलेल्या स्थितीतच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात मूळ लांबीवर येते. मापात बसलेला स्वेटर मग आखूड का झाला, याचे कारण अनेकदा सुयांत नसून गुंड्यात असते.

धागा आतून निघावा आणि गुंडा जमिनीवर घरंगळू नये असे वाटत असेल, तर निमुळते, गुळगुळीत लाटणे वापरावे. वीतभर टोक मोकळे ठेवून लाटण्यावर आधी सरळ आणि मग तिरके वेढे घ्यावेत, लाटणे सतत थोडेथोडे फिरवत राहावे आणि शेवटी गुंडा सरकवून काढावा. गुळगुळीत ॲक्रिलिकसाठी मात्र मी साधा गुंडाच पसंत करते. आतून रिकामा होत गेलेला गुळगुळीत धाग्याचा गुंडा शेवटी कोसळून गुंततो.

शेवटचे टोक दोन वेढ्यांखाली खोचावे. रंगाचा आणि लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या खेपेचा, क्रमांक असलेले लेबल फेकू नये, कारण लोकर कमी पडल्यास त्याच लॉटची मागता येते. दुसऱ्या लॉटचा रंग किंचित वेगळा पडतो आणि तो फरक विणीत स्पष्ट दिसतो. गुंडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून न ठेवता सुती पिशवीत ठेवावेत.