बर्गनला कला शिकायला येताय? मग विचारायला शिका

“ताई, पंधरा दिवस झाले, अजून कोणी काही सांगितलंच नाही.” नॉर्वेतल्या बर्गन शहरात कला शिकायला आलेल्या आपल्याकडच्या मुलांकडून दर सप्टेंबरात हे वाक्य मला ऐकू येतं. महिनाभराने भेटलात तरी कोणी सांगितलेलं नसणार. बोलावणं येईल म्हणून वाट बघत बसलात तर एमएची दोन वर्षं अशीच हातातून जातील.

मी २००९ साली मुंबईहून इथे टेक्स्टाइल शिकायला आले. तेव्हा संस्थेचं नाव केएचआयबी, म्हणजे बर्गनचं कला महाविद्यालय, असं होतं. कला अकादमी आणि हस्तकला-डिझाइनची सरकारी शाळा एकत्र करून १९९६ साली ती झालेली, आणि वर्ग शहरात वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले. २०१७ पासून ती बर्गन विद्यापीठाची विद्याशाखा आहे, संगीताची ग्रीग अकादमीसुद्धा तिच्यातच. त्याच वर्षी कला आणि डिझाइनचा सगळा पसारा शहरातल्या म्योलेंडाल भागातल्या नव्या इमारतीत आला. स्नॉहेत्ता या वास्तुरचनाकार कंपनीने तिचा आराखडा करताना बाहेरून ॲल्युमिनियमचे कच्चे पत्रे लावलेत, रंग नाही. इथल्या पावसात त्यांचा रंग बदलत जावा हाच हेतू. आपल्या कोकणात पत्रा गंजू नये म्हणून माणसं जिवाचं रान करतात, ते आठवून मला पहिल्यांदा हसूच आलं होतं.

आत तुम्हाला स्टुडिओत जागा मिळेल. पण सर मागे येऊन उभे राहतील, ब्रश हातात घेऊन “हे असं कर” म्हणतील, ते विसरा. प्राध्यापकाला भेटायचं तर तुम्ही मेल करून वेळ मागायची. त्यांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणायचं नाही, सरळ नावाने हाक मारायची. माझी जीभ वर्षभर अडखळली. सगळ्यांच्या कामावर एकत्र चर्चा होते तेव्हा लोक बराच वेळ गप्प बसतात. ती नापसंती नसते, ते खरंच बघत असतात. गडबडून मधेच स्पष्टीकरण द्यायला लागू नका. मी द्यायचे, आणि माझं काम कोणी बघायच्या आधीच मी ते बोलून संपवून टाकायचे.

खरा खजिना वर्कशॉपमध्ये आहे. लाकूड, धातू, माती, विणकाम, छपाई. पण यंत्राला हात लावायच्या आधी सुरक्षेचा छोटा कोर्स करावा लागतो. त्याला एचएमएस म्हणतात. त्याच्या तारखा लागल्या की त्याच दिवशी नाव घाला. वर्कशॉप सांभाळणारी माणसं स्वतः पक्के कारागीर असतात. आपल्याकडे त्यांना लॅब असिस्टंट समजून “जरा हे कापून द्या” म्हणायची सवय असते. इथे असं म्हणालात तर कापून मिळणार नाही, कापायचं कसं ते शिकवतील. वापरून झाल्यावर टेबल स्वतः पुसायचं, लादी झाडायची. कधी ‘दुग्नाड’ असल्याची चिठ्ठी लागली तर चुकवू नका. सगळ्यांनी मिळून बिनपैशाचं काम करायचा हा प्रकार, आपल्या गावातल्या सावडीसारखा. ओळखी तिथेच होतात.

कागदपत्रांत पहिलं काम पोलिसांकडे नोंद आणि निवासाचं कार्ड. मग कर कार्यालयात ओळख पटवून अकरा आकडी राष्ट्रीय क्रमांक घ्यायचा. तो मिळाला की बँक, आणि बँकेकडून बँकआयडी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवायची सोय. बँकआयडी नसेल तर या देशात तुम्ही अर्धे अदृश्य. वेळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात सुरू करा. विद्यार्थी परवान्यावर सत्रात आठवड्याला वीस तास काम करता येतं, पण त्या कमाईवर खर्च भागेल अशी आशा धरून येऊ नका. माझ्या वेळी शिक्षण फुकट होतं. २०२३ च्या शरदापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी आहे.

घरासाठी आधी विद्यार्थी कल्याण संस्थेकडे, म्हणजे ‘सामेन’कडे अर्ज करा. फान्टोफ्टला त्यांचं मोठं वसतिगृह आहे, आणि तिथून ब्यूबानेन, म्हणजे इथली ट्राम, थेट शहराच्या मध्यात येते. खासगी खोली घेतलीत तर अनामत रक्कम घरमालकाच्या खात्यात कधीच भरायची नाही. कायद्याने ती भाडेकरूच्या नावाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि सहा महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या पहिल्या घरमालकाने पैसे आपल्याच खात्यात घेतले आणि निघताना “भिंतीला मसाल्याचा वास लागलाय” म्हणून निम्मे कापले.

डबा न्या. नॉर्वेजियन माणूस दुपारी पाव आणि तपकिरी चीज कागदात गुंडाळून आणतो, त्याला मातपाक्के म्हणतात. तुमच्या पोळीभाजीकडे कोणी वाकडं बघणार नाही, उलट चव मागतील. तूरडाळ आणि हिंग परदेशी किराण्याच्या दुकानांत मिळतात. कोकम मात्र घरून आणा. रविवारी मोठी दुकानं बहुतेक बंद असतात, तेव्हा शनिवारीच भरून ठेवा.

आणि पाऊस. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, म्हणजे आकडा ऐकून मुंबईकर घाबरणार नाही. पण मुंबईत तो चार महिन्यांत उरकतो, इथे बाराही महिने झिमझिमतो. छत्री आणू नका, वाऱ्यात उलटते. चांगला रेनकोट आणि बूट इथेच घ्या, जुने विकणाऱ्या दुकानातून घेतले तरी चालतील. खरा त्रास अंधाराचा. डिसेंबरात पावणेदहाला उजाडतं आणि साडेतीनला दिवस संपतो. त्या दिवसांत स्टुडिओत दिव्याखाली रंग निवडलात तर दुपारी बाराला ते काम खिडकीशी नेऊन पुन्हा बघा. माझं एक संपूर्ण विणकाम निळं समजून हिरवं झालं होतं. ते अजून माझ्या हॉलमध्ये टांगलेलं आहे, चहाला आलात की दाखवीन.