लॅपटॉप घेऊन बाहेरगावी निघताय? आधी हे बघा

कोल्हापूरला लग्नाला गेलो होतो. सकाळी लॉजवर चहा घेत बसलो असताना मुलीकडचा एक पोरगा आला आणि हळूच म्हणाला, "काका, तुमचं 'घरचे कागद' फोल्डर बंद करा, माझ्या लॅपटॉपवर दिसतंय." त्या फोल्डरमध्ये आधार, पॅन, सातबारा, तीन वर्षांची रिटर्न्स, सगळं होतं. पोरगा सज्जन निघाला म्हणून वाचलो. ही यादी तेव्हापासूनची.

अपडेट आणि पासवर्डबद्दल बोलत नाही, ते केलेलं असणार. फक्त अजून विंडोज १० वापरत असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. ११वर जा, नाहीतर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करून टाका.

आता घरचा राउटर. त्याला दोन पासवर्ड असतात आणि लोक एकच बदलतात. वाय-फायचा वेगळा, राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा वेगळा. हा दुसरा बऱ्याच घरांत बसवणारा माणूस ठेवून गेला तोच असतो, म्हणजे 'अ‍ॅडमिन'. आजच बदला. वाय-फायचं एन्क्रिप्शन, म्हणजे हवेतून जाणारा डेटा कुलूपबंद करायची पद्धत, डब्ल्यूपीए३ ठेवा, ते नसेल तर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूईपी ही जुनी, सहज फुटणारी पद्धत दिसली तर राउटर भंगारात द्या. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११पासून जगजाहीर आहे, तरी अनेक राउटरवर ते चालू असतंच. टीव्ही आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं वेगळं वाय-फाय, द्या.

आता माझी चूक. मुलीच्या कॉम्प्युटरवरून फाइल्स उघडता याव्यात म्हणून मी घरी फोल्डर शेअर केलं होतं आणि रोजची कटकट नको म्हणून त्याचं पासवर्ड विचारणंही बंद केलं होतं. लॉजच्या वाय-फायला जोडताना प्रोफाइल 'पब्लिक' की 'प्रायव्हेट' हा प्रश्न आला. प्रायव्हेट म्हणजे खासगी, खासगी म्हणजे सुरक्षित, असं समजून मी प्रायव्हेट निवडलं. अर्थ नेमका उलटा आहे. प्रायव्हेट म्हणजे 'इथली माणसं घरची आहेत, त्यांना माझा लॅपटॉप दिसू दे'. पब्लिक म्हणजे 'इथे सगळे परके, मला लपव'. लॉज, कॅफे, स्टेशन, ऑफिसातल्या पाहुण्यांचं वाय-फाय, सगळीकडे पब्लिक. पब्लिक केलं म्हणून नेट बंद पडत नाही, हळूही होत नाही.

विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मग जोडलेल्या नेटवर्कचे प्रॉपर्टीज. तिथे पब्लिकवर खूण आहे का ते डोळ्यांनी बघा. 'बहुतेक असेल' चालणार नाही, मीही तेच म्हटलं होतं. आणि वाय-फायला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. लॉजचा पासवर्ड काउंटरवर चिकटवलेला होता, तो माझ्याकडे होता आणि त्या पोराकडेही. म्हणून पब्लिक. निघण्यापूर्वी फोल्डरचं शेअरिंगही काढा, पण ते विसरलात तरी पब्लिक विसरू नका.

मॅकवाल्यांनी हसू नये. शेअरिंगमध्ये फाइल शेअरिंग बंद आहे का आणि फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत, चालू आहे का, तेवढं बघा.

बाहेर जोडताना नेटवर्कचं नेमकं नाव काउंटरवर विचारून घ्या, तसंच नाव कुणीही ठेवू शकतो. स्टेशनवर ओटीपी येतो तो तुम्ही कोण हे त्यांना कळावं म्हणून. त्याने तुमचं संरक्षण होत नाही. ब्राउझरने सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या ओळखपत्राची, तक्रार केली तर 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही, तिथेच थांबायचं. बँकेचं काम फोनच्या हॉटस्पॉटवर. फुकटातलं व्हीपीएन, म्हणजे तुमचा सगळा डेटा स्वतःच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा, नको.

डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या फाइल्सना कुलूप, चालू. ते अडलं तर उघडायची रिकव्हरी की घरी कागदावर. उठताना स्क्रीन लॉक. प्रोफाइल पब्लिक.

परतल्यावर बाहेरची नेटवर्कं यादीतून 'फर्गेट' करा, नाहीतर त्याच नावाचं दुसरं उघडं नेटवर्क दिसलं की लॅपटॉप आपणहून जाऊन चिकटू शकतो. माझ्या यादीत सदतीस नावं निघाली. त्यातलं एक दापोलीच्या खानावळीचं होतं, तेही प्रायव्हेट.