डिफॉल्टर लिस्ट लावण्याआधी: हजेरीच्या शीटमधल्या या चुका टाळा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत टर्म ग्रँट व्हायची, म्हणजे सत्र मान्य व्हायचं, तर ७५ टक्के हजेरी लागते. त्यामुळे डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी, बोर्डावर लागली की स्टाफरूमबाहेर रांग ठरलेली: "मॅडम, मी तर रोज येतो!" मग सगळे काउंटइफ, म्हणजे शीटमधले हजेरीचे 'पी' मोजणारा फॉर्म्युला, तपासत बसतात. तो बहुतेक वेळा बरोबरच असतो. अंश (हजर तास) नीट, छेद (एकूण तास) चुकलेला, असंच प्रकरण जास्त वेळा निघतं.

छेद चुकतो तो असा. एकूण तास एका सेलमध्ये लिहिलेले असतात, पहिल्या रोल नंबरला टक्केवारी बरोबर येते आणि फॉर्म्युला खाली ओढला की छेदाचा सेलही एकेक ओळ खाली सरकतो. तिथे रिकामं असलं तर शून्याने भागल्याची एरर येते, तेव्हा निदान कळतं तरी. ती लपवायला कुणी इफएररमध्ये (एररऐवजी दुसरा आकडा दाखवणारं फंक्शन) शून्य घातला, तर पहिला रोल नंबर सोडून वर्गातले सगळे डिफॉल्टर! सेलच्या पत्त्यात कर्सर ठेवून एफ४ दाबा. दोन डॉलर चिन्हं आली की सेल जागचा हलत नाही.

पण डॉलर लावूनही एक प्रश्न उरतो: सगळ्यांचा छेद एकच का? कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश फेरी) लांबल्यामुळे उशिरा आलेल्या मुलाला प्रवेशाआधीचे तास मोजणं अन्याय आहे. त्या तारखांना डॅश टाका आणि छेद म्हणून त्याचे 'पी' अधिक त्याचे 'ए' घ्या. मात्र मग गैरहजेरीला 'ए' लिहायलाच हवा. नुसता सेल रिकामा सोडायची सवय असेल, तर एकच दिवस आलेला मुलगाही १०० टक्क्यांवर जाईल.

कामाचे दिवस नेटवर्कडेजने काढणाऱ्यांनी जपून. हे फंक्शन शनिवारही सुट्टी धरतं. शनिवारी तास होत असतील तर नेटवर्कडेज डॉट इंटल वापरा, त्यात ११ हा कोड फक्त रविवार वगळतो. गणपती विसर्जन, पालखीमुळे बंद झालेले रस्ते, पावसाची अचानक सुट्टी हे शीटला आपोआप कळत नाही; सुट्ट्यांची वेगळी यादी करून फॉर्म्युल्याला द्यावी लागते. माझं मत विचाराल तर दिवस मोजूच नका, प्रत्यक्ष झालेले तास मोजा.

महिन्यांच्या टक्केवारीची सरासरी काढू नका. जुलैत १० पैकी १०, ऑगस्टमध्ये २० पैकी १० तास. १०० आणि ५० ची सरासरी ७५, म्हणजे मुलगा काठावर पास. खरं तर तो ३० पैकी २० तासांनाच होता, ६६.६७ टक्के.

७५ पैकी ५६ तास म्हणजे ७४.६७ टक्के. दशांश लपवलेले असले तर शीट ७५ दाखवते, ७५ ची अट तपासणारा इफ फॉर्म्युला मात्र मूळ आकडाच पाहतो आणि नाव लिस्टमध्ये टाकतो. मुलाने भांडायला यावं हे रास्तच. दोन दशांश दिसू द्या. राउंड करून सूट द्यायची का, हे विभागाने ठरवावं, फॉर्म्युल्याने नव्हे.

अंशातली चूक एकच, पण चिवट: मोबाइलवरून भरताना 'पी'पुढे स्पेस पडते. डोळ्यांना दिसत नाही, काउंटइफ मात्र ते 'पी' धरत नाही. कॅपिटल-स्मॉलचा त्याला फरक पडत नाही, स्पेसचा पडतो. डेटा व्हॅलिडेशनने ड्रॉपडाउन लावा, म्हणजे टाइप करायलाच नको.

गूगल शीटमध्ये लोकेल (देशाची सेटिंग) अमेरिकेचं राहिलं तर ५ जुलैची तारीख ७ मे होते आणि १३ जुलै तारीख न राहता नुसता मजकूर होतो. फाइलच्या सेटिंग्जमध्ये इंडिया निवडा. सॉर्ट करताना फक्त नावांचा कॉलम निवडलात, तर हजेरी भलत्याच्याच नावावर जाते.

लिस्ट छापण्याआधी तीन रोल नंबर हाताने मोजून पाहा: एक नियमित येणारा, एक काठावरचा आणि एक उशिरा प्रवेश घेतलेला.