घोडा उताणा केल्यावरची पहिली वीस मिनिटं

पोटशूळाचा घोडा भूल देऊन शस्त्रक्रियेच्या टेबलावर उताणा केला की माझी नजर त्याच्या छातीवरून हलत नाही. साडेचारशे किलोचं जनावर, त्यात फुगलेली आतडी. सगळा भार श्वासपटलावर येतो आणि पाठीकडची फुप्फुसं चेपतात. रक्त तिथून वाहत राहतं, हवा पोचत नाही. म्हणून शुद्ध ऑक्सिजन चालू असतानाही धमनीतल्या ऑक्सिजनच्या दाबाचा आकडा (मिमी पाऱ्यात), जो ४०० च्या वर हवा, तो शंभराच्या आसपास घुटमळतो.

महालक्ष्मीच्या रेसच्या घोड्यांना भूल देताना मी एक सवय लावून घेतली: घोडा वळवला की लगेच व्हेंटिलेटर. ऑक्सिजन पडला तर लावू, म्हणून थांबू नका. मिटलेली फुप्फुसं पुन्हा उघडणं फार अवघड. मिनिटाला ६ ते ८ श्वास, किलोमागे १० ते १५ मिली. मी श्वासामागे ५ लिटरवर सुरुवात करते. मात्र छातीत दाब वाढला की रक्तदाब घसरतो. सरासरी रक्तदाब ७० च्या खाली गेला तर डोब्युटामीन (रक्तदाब वाढवणारं औषध), नाहीतर घोडा उठताना स्नायू साथ देत नाहीत.

रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या जिभेवरच्या क्लिपवर विसंबू नका. ती ९० टक्के दाखवते तेव्हा धमनीतला ऑक्सिजन साठावर आलेला असतो. क्लिप सरकवा, जीभ ओली ठेवा, पण विसाव्या मिनिटाला चेहऱ्याच्या धमनीतून नमुना घ्याच. कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर पडणारा श्वास मोजणारं यंत्र, तेही कार्बन डायऑक्साइड १०-१५ ने कमी दाखवतं.

धमनीतल्या ऑक्सिजनचा आकडा साठाखाली गेला तर आधी श्वासनळीतली नळी, जोडण्या, सिलिंडर, रक्तदाब तपासा. मग नळीतून सालब्युटामॉल (श्वासमार्ग मोकळे करणारं औषध), किलोमागे २ मायक्रोग्रॅम: म्हणजे साडेचारशे किलोला १०० मायक्रोग्रॅमचे ९ फवारे, प्रत्येक फवारा श्वास आत जाताना.

आणि घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, हे कधीही विसरू नका. उताणं पडून नाक आतून सुजतं. एकदा मी घोड्याने गिळताच श्वासनळीतली नळी काढली. नाकपुड्या ताणल्या, घोरण्याचा आवाज आला आणि मग आवाजच बंद झाला. मोतद्दाराने डोकं धरलं, मी नाकातून नळी सरकवली, तेव्हा कुठे हवा आत गेली. तेव्हापासून नाकात आधीच फिनाइलेफ्रिन (सूज उतरवणारं औषध) टाकते, नाकातली नळी पट्टीने बांधून ठेवते, त्यातून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन सोडते, आणि घोडा चारी पायांवर नीट उभा राहून दोन्ही नाकपुड्यांतून माझ्या तळहातावर गरम हवा येईपर्यंत ती नळी काढत नाही.