झेब्राफिशच्या पिल्लाचे ठोके मोजताना

बांगडा घेताना आपण कल्ला उचलून बघतो. झेब्राफिश म्हणजे गोड्या पाण्यातला छोटा पट्टेरी मासा. त्याच्या पिल्लाला तेवढंही करावं लागत नाही. काचेसारखं आरपार, सूक्ष्मदर्शकाखाली हृदय धडधडताना थेट दिसतं. भाजलेल्या जखमेच्या पट्ट्यांत असतात तसले चांदीचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, हृदयाला, वाढीला बाधतात का, हे त्याच्यावर तपासतात ते म्हणूनच.

आधी पाणी. रत्नागिरीत आमच्या लॅबमागे विहीर आहे, पण मार्चनंतर पाणी मचूळ लागतं. ते मुळीच नको. खाऱ्या पाण्यात कणांचे गोळे होऊन तळाशी बसतात, सुटलेली चांदी क्लोराईड धरून ठेवतं. मग पिल्लं ठणठणीत आणि आपण उगाच खूश. डिस्टिल्ड पाण्यात क्षार मोजून घाला. कणांचं द्रावण वापरायच्या आधी सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी गोळे फोडणारं यंत्र) फोडून घ्या, आदल्या दिवशीचं नको.

24 खणांची प्लेट, खणात एक फळलेलं अंडं, दर मात्रेला 20 अंडी. एक गट नुसत्या पाण्याचा. एक सिल्व्हर नायट्रेटचा, कारण कणांतून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सुटतात आणि गुन्हा कणाचा की आयनाचा, ते त्याशिवाय कळत नाही. नुसत्या पाण्यातलीच दहात एकाहून जास्त मेली, तर अख्खी प्लेट बाद.

अंडं फळल्यापासून साधारण 24 तासांनी हृदय चालू होतं. मी 72 तासांनी मोजते: खालच्या कप्प्यावर नजर, 30 सेकंद, दुप्पट. 28 अंशांवर मिनिटाला 120 ते 180 भरतात. दिव्याखाली प्लेट फार वेळ ठेवू नका. पाणी तापलं की ठोके वाढतात.

थंडावलं की उतरतात, हे मी फजिती होऊन शिकले. जूनमध्ये रात्री लाइट गेली. सकाळी चांदीच्या गटात ठोके नव्वदीत! मी लगेच वहीत ‘हृदयाची गती मंदावली’ लिहिलं. मॅडमनी एवढंच विचारलं, “पाण्यातली मोजलीस का गं?” तीही नव्वदीतच. इन्क्युबेटर 22 वर आला होता.

आता विकृती. पिल्लू कुशीवर घ्या. हृदयाभोवतीची पिशवी पाण्याने फुगलीय का, हृदय सुतासारखं ताणलंय का, बलक सुजलाय का, पाठ वाकलीय का, असं एकेक बघा. किंचित फुगवट्यावर दोघांचं एकमत होत नाही, म्हणून फोटो ठेवा. आणि मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका. मी लेबलांवर चिकटपट्टी लावून घेते, तीही दुसऱ्याकडून.